हाताने घडवलेल्या काचेत रंग भरतात कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचेची फुलदाणी, पेपरवेट किंवा वाडगा हातात आला की मी आधी एकच गोष्ट शोधते: रंग नेमका बसलाय कुठे? काचेच्या अंगात, दोन थरांच्या मधे, की वरच्या पृष्ठभागावर? एवढं कळलं की ती वस्तू कशी घडली असेल याचा बराचसा उलगडा होतो. खालचे प्रश्न लोक नेहमी विचारतात ते आहेत, आणि उत्तरं देताना मी हाच धागा धरून ठेवला आहे.

काच रंगवतात, की ती मुळातच रंगीत असते?

ब्रशने रंगवलेली काचही असते, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण भट्टीवर काम करणाऱ्या कारागिराच्या लेखी रंग म्हणजे रंगीत काचच. वाळू, सोडा आणि चुना एकत्र वितळवले की साधी काच होते. त्या मिश्रणात एखाद्या धातूचं ऑक्साइड किंचित घातलं की अख्खी काचच रंगीत निघते. मग ही रंगीत काच गरम असताना स्वच्छ काचेवर चढवायची, तिच्या आत ठेवायची, ओढून तिची तार काढायची किंवा तुकडे करून जोडायची. मधे गोंद नाही, तेल नाही, रोगण नाही. दोन्ही काचाच असल्यामुळे तापल्यावर त्या एकजीव होतात. म्हणूनच असा रंग खरवडून निघत नाही.

खरं तर पूर्ण रंगहीन काच मिळवणं जास्त अवघड. वाळूत लोखंडाचा अंश असतोच आणि तो काचेला हिरवट छटा देतो. खिडकीच्या जाड काचेची कड बाजूने पाहा, लगेच दिसेल. ही छटा मारण्यासाठी काचकार पूर्वीपासून थोडं मँगॅनीज डायऑक्साइड घालत आले आहेत. १५व्या शतकाच्या मध्यात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या आंजेलो बारोव्हिएरो या काचकाराचं नाव ज्या ‘क्रिस्ताल्लो’ काचेशी जोडलं गेलं, तीही अशाच विरंजनातून स्वच्छ झालेली. अशा काचेच्या पोटात रंगीत धागा ठेवला की तो अधांतरी राहिल्यासारखा दिसतो.

कोणत्या धातूने कोणता रंग येतो?

कोबाल्ट निळा देतं, आणि फार जोरात देतं. हजार भाग काचेत एक भाग कोबाल्ट ऑक्साइड असलं तरी रंग गडद निळा होतो. तांब्याचा स्वभाव दुहेरी आहे: भट्टीत ऑक्सिजन भरपूर असेल तर फिरोजी, ऑक्सिजन कमी पडला तर लाल. मँगॅनीजने जांभळा येतो, क्रोमियमने हिरवा, लोखंडाने हिरव्यापासून पिवळट तपकिरीपर्यंतच्या छटा. पिवळा, केशरी आणि भडक लाल हे सगळे उबदार रंग मुख्यतः कॅडमियम, गंधक आणि सेलेनियम यांच्यावर अवलंबून असतात. एर्बियम नाजूक गुलाबी देतं. निओडिमियमची काच सूर्यप्रकाशात फिकट जांभळी असते आणि ट्यूबलाइटखाली नेली की निळसर दिसते. दुकानातल्या दिव्यात घेतलेली वस्तू घरी वेगळीच दिसते, त्यामागे कधीकधी हे कारण असतं.

दुधी पांढऱ्यासाठी कथिलाचं ऑक्साइड किंवा फ्लोराइडं वापरतात. त्यांचे सूक्ष्म कण काचेत प्रकाश विखुरतात, त्यामुळे आरपार दिसत नाही.

युरेनियमबद्दलही हमखास विचारणा होते. बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) रीडेल घराण्याच्या कारखान्यात १८३०च्या दशकापासून पिवळी आणि हिरवी युरेनियम काच तयार होऊ लागली. अतिनील दिव्याखाली ती झगझगीत पोपटी चमकते. संग्राहकांची तिला अजूनही मोठी मागणी आहे.

लाल काचेत खरंच सोनं असतं का?

काही लाल काचांत असतं, आणि काचेच्या रसायनातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. प्रमाण अगदी थोडं असतं, दहा हजार भागांत साधारण एक-दोन भाग. वितळलेल्या काचेत सोनं विरघळलेलं असतं, तोवर काच जवळजवळ रंगहीन किंवा किंचित पिवळसर असते. ती थंड करून पुन्हा तापवली की सोन्याचे अणू एकमेकांना धरू लागतात आणि त्यांचे कण बनतात. कण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास पोचले की ते हिरवा प्रकाश शोषतात आणि उरलेला लाल आपल्यापर्यंत येतो. भट्टीच्या तोंडाशी काच फुंकायची नळी फिरत असताना हा बदल डोळ्यांदेखत होतो: फिकट गोळ्यावर आधी गुलाबी छटा चढते, मग ती दाट होत जाते. इथे थांबायचं कधी ते कळावं लागतं. जास्त वेळ तापवलं तर कण फार मोठे होतात आणि रंग तपकिरी-निळसर, मळकट होतो.

जर्मनीत पॉट्सडॅम इथे योहान कुंकेल यांनी १७व्या शतकाच्या उत्तरार्धात ही काच सातत्याने बनवून दाखवली. ती लाल का दिसते याचं कोडं मात्र पुढे बराच काळ टिकलं. १८५७ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी दाखवून दिलं की हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे. पुढे रिशार्ड झिग्मोंडी यांनी अशा कलिलांवर, म्हणजे दुसऱ्या पदार्थात विखुरलेल्या अतिसूक्ष्म कणांवर, जे संशोधन केलं, त्याला १९२५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्याही कितीतरी आधी, चौथ्या शतकात, एका रोमन कारागिराने सोन्या-चांदीच्या कणांचा लायकर्गस चषक बनवला होता. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. समोरून उजेड पडला तर हिरवा दिसतो, आतून दिवा लावला तर लाल.

सगळी लाल काच सोन्याची नसते, हेही लक्षात ठेवा. तांब्याचा लाल आणि सेलेनियमचा लाल वेगळे. सोन्याच्या लालाला गुलाबी-किरमिजी झाक असते, सेलेनियमचा लाल शेंदराकडे झुकतो.

एवढ्या रंगांसाठी प्रत्येकाची वेगळी भट्टी लागते का?

मोठ्या कारखान्यांत रंगागणिक वेगळ्या मुशी असतात. छोट्या स्टुडिओत मात्र सहसा एकच मोठी भट्टी, सुमारे ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास सतत पेटती, आणि तिच्यात फक्त स्वच्छ काच. रंग तयार कांड्यांच्या रूपात येतो. जर्मनीतल्या कूगलर आणि रायशनबाख, न्यूझीलंडची गॅफर या नावांच्या कांड्या जगभरच्या स्टुडिओंमध्ये दिसतात. त्यांच्यात रंग इतका दाट असतो की कांडीचा छोटासा तुकडा अख्ख्या भांड्याला पुरतो.

हा तुकडा थेट भट्टीत नेला तर तडकून उडतो. म्हणून आधी छोट्या विजेच्या भट्टीत त्याला हळूहळू सुमारे ५०० अंशांपर्यंत आणतात. मग तापलेल्या फुंकनळीच्या टोकाने तो अलगद उचलतात, मोठ्या आचेवर मऊ करतात आणि पोलादी पाटावर फिरवून नीट गोल करतात. त्यात फुंकर घालून बुडबुडा काढायचा आणि तो स्वच्छ काचेत बुडवून वर थर घ्यायचा. रंग आत, स्वच्छ काच बाहेर. फुंकून केलेल्या बऱ्याचशा रंगीत भांड्यांची सुरुवात अशीच होते.

भुकटी, दाणे आणि कांडी यांत फरक काय?

काच तीच, दळण वेगळं. भुकटीने अंगभर सारखा, मऊ रंग येतो. दाण्यांनी ठिपके येतात, आणि भांडं फुगत-लांबत गेलं की ते ठिपके पसरून पाकळ्यांसारखे होतात. पाटावर भुकटीचा किंवा दाण्यांचा थर पसरून त्यावर गरम गोळा लोळवतात, की ते चिकटतात. मग ते विरघळेपर्यंत पुन्हा आच दाखवतात. दाटपणा हवा असेल तर हेच दोन-तीनदा. एकसंध, खोल रंग हवा असेल तर कांडीला पर्याय नाही.

भुकटी वापरताना नाकातोंडावर योग्य मास्क हवाच. काचेची धूळ फुप्फुसांत साठते, आणि काही रंगांत शिसं, कॅडमियमही असतं. इथे हयगय करू नका.

कांडी काळपट दिसते, पण भांड्याचा रंग इतका फिका का?

कारण काच पातळ होत जाते. गडद फुगा फुगवला की फिका दिसतो, तेच इथे घडतं. यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. समजा रंगीत काचेचा एक थर चौथा हिस्सा प्रकाश पलीकडे जाऊ देतो. तोच थर निम्म्या जाडीचा केला तर निम्मा प्रकाश जातो. पुन्हा निम्मा केला तर सुमारे ७० टक्के. म्हणजे त्याच कांडीतून काळपट निळाही निघतो आणि आकाशीही; फरक फक्त जाडीचा. अनुभवी कारागीर कांडी निवडतानाच शेवटी भिंत किती पातळ होणार याचा अंदाज बांधतात.

एकाच फुलदाणीत तळाशी रंग गर्द आणि खांद्याशी फिका दिसतो, तोही यामुळेच. मला ही उतरंड फार आवडते. हाताने फुंकल्याची ती उघड खूण आहे, तिला दोष समजू नका.

रंग काचेच्या आत असला काय नि बाहेर असला काय, फरक काय पडतो?

दिसण्यात जमीन-अस्मानाचा पडतो. रंगावर स्वच्छ काचेचा जाड थर असेल तर तो थर भिंगासारखं काम करतो आणि रंग खोल, ओला दिसतो. मुरानोत १९३०च्या दशकात पुढे आलेली ‘सोमेर्सो’ शैली यावरच उभी आहे: एका रंगावर दुसरा, त्यावर स्वच्छ काच, आणि कडेला प्रत्येक थर वेगळा वाचता येतो.

रंग बाहेरून चढवायचा असेल तर रंगीत काचेची वाटी करून तिच्यात स्वच्छ काचेचा गोळा उतरवतात. हा बाहेरचा थर नंतर कापता येतो. ब्रिटिश म्युझियममधलं पोर्टलँड पात्र घ्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही रोमन वस्तू. गर्द निळ्या काचेवर दुधी पांढरा थर, आणि तो पांढरा थर खोदून माणसांच्या आकृती काढलेल्या. थर जिथे जाड राहिला तिथे शुभ्र, जिथे पातळ केला तिथे खालचा निळा झिरपतो, आणि त्यातूनच वस्त्रांच्या चुण्यांना छाया मिळाली आहे. एमिल गाले यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये नान्सी इथे हेच काम छिन्नीबरोबर आम्लानेही केलं: राखायचा भाग झाकायचा आणि बाकीचा हायड्रोफ्लुओरिक आम्लाला खायला द्यायचा.

स्वीडनमधल्या ओरेफोर्स इथे १९१६ मध्ये याच्या पुढचं पाऊल पडलं. रंगीत थरांचा छोटा जाड बुडबुडा थंड करायचा, त्यावर चित्र कोरायचं, तो सावकाश पुन्हा तापवायचा, वर स्वच्छ काच घ्यायची आणि मग फुंकून मोठा करायचा. चित्र काचेच्या पोटात जातं आणि फुगताना त्याच्या कडा मऊ होतात. या तंत्राला ‘ग्राल’ म्हणतात. थंड कोरीवकाम आणि गरम काम यांचा इतका सुंदर मेळ दुसरीकडे क्वचितच दिसतो.

आत एक रंग आणि बाहेर दुसरा हवा असेल तर आणखी एक अडचण येते. दोन्ही पारदर्शक असतील तर ते एकमेकांतून दिसतात. लाल आणि हिरव्यातून मातकट तपकिरी तयार होतो. अमेरिकन काचकलाकार डेल चिहुली यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या ‘माकिया’ मालिकेत दोन रंगांच्या मधे पांढऱ्या काचेचा ढगाळ थर घातला. त्यामुळे आतला रंग आत राहिला, बाहेरचा बाहेर.

काचेत दोऱ्यासारख्या सरळ किंवा पिळदार रेषा कशा येतात?

त्या आधीच ओढून ठेवलेल्या काचेच्या तारा असतात. पांढऱ्या किंवा रंगीत काचेचा गोळा, वर स्वच्छ काच, आणि दोन्ही टोकांना धरून दोन माणसं एकमेकांपासून लांब चालत जातात. ओढताना एकाने टोक पिळलं तर आतले धागे मळसूत्रासारखे फिरतात. थंड झाल्यावर या तारेचे सारखे तुकडे करतात, ते शेजारी शेजारी मांडून तापवतात आणि गरम काचेच्या गोल पट्टीवर गुंडाळून घेतात. खालचं तोंड चिमटून बंद केलं की फुंकायला बुडबुडा तयार.

व्हेनिसमधल्या काचभट्ट्या १२९१ मध्ये मुरानो बेटावर हलवल्या गेल्या. १६व्या शतकात तिथल्या कारागिरांनी हे तारकाम टिपेला नेलं. त्यातला सगळ्यात कठीण प्रकार ‘रेतिचेल्लो’. एका बुडबुड्यात तारा उजवीकडे पिळलेल्या, दुसऱ्यात डावीकडे. एक दुसऱ्याच्या आत बसवायचा. दोन्ही जाळ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथल्या प्रत्येक चौकटीत हवेचा एक इवलासा बुडबुडा अडकतो. असं पात्र मिळालं तर उजेडासमोर धरा आणि ते बुडबुडे सारख्या आकाराचे आहेत का पाहा. कारागिराच्या हाताची खरी परीक्षा तिथे होते.

याहून जुनी आणि सोपी रीतही आहे. गरम भांड्याभोवती रंगीत धागा गुंडाळायचा आणि आकडीने तो वर-खाली ओढायचा, की पिसासारखी नागमोडी नक्षी उठते. फुंकनळीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, इसवी सनापूर्वी १५००च्या सुमारास, इजिप्तमधले कारागीर गाभ्यावर घडवलेल्या कुप्यांवर हेच करत होते.

पेपरवेटमधली बारीक फुलं हाताने काढलेली असतात का?

हाताने घडवलेली असतात, पण इतक्या लहान आकारात नव्हे. आधी मूठभर जाडीचा काचेचा दांडा तयार होतो. मधे पिवळा गाभा, तो चांदणीच्या साच्यात दाबायचा, वर पांढरी काच, पुन्हा साचा, वर निळी. प्रत्येक थरानंतर पुन्हा आच. या दांड्याच्या कापलेल्या तोंडावर फूल दिसतं, ते चांगलं मोठं असतं. मग तो ओढायचा.

हिशोब करून पाहा: १० सेंटिमीटर जाड आणि १० सेंटिमीटर लांब दांडा ओढून १ सेंटिमीटर जाडीवर आणला तर त्याची लांबी १० मीटर होते. चित्राचं प्रमाण बिघडत नाही, ते फक्त लहान होतं. एक माणूस जागेवर उभा राहतो, दुसरा मागे मागे जातो आणि मधली काच झोळासारखी खाली वाकते. वेग कमी पडला तर तार जाड राहते, जास्त झाला तर केसासारखी होऊन तुटते. थंड झाल्यावर तिचे चकत्यांसारखे तुकडे पाडतात. यांनाच मुर्रिने म्हणतात. हे तुकडे लोखंडी ताटात शिस्तीने मांडून तापवायचे आणि गरम गोळा त्यांच्यावर टेकवून उचलून घ्यायचे. पेपरवेट असेल तर वर स्वच्छ काचेचा घुमट.

१९व्या शतकात मुरानोच्या जाकोमो फ्रांकिनी यांनी याच पद्धतीने चकतीत माणसाचा चेहरा बसवला. बारीक बारीक काचतारा जुळवून चेहरा रचायचा आणि मग ओढून नखाएवढा करायचा. फ्रान्समध्ये बाकारा, सँ-लुई आणि क्लिशी या कारखान्यांची फुलांची पेपरवेटं १८४५ नंतरच्या दीड दशकात भरात होती.

एकाच भांड्याचा वरचा अर्धा भाग लाल आणि खालचा निळा, मधली रेषा इतकी सरळ कशी?

दोन वेगळे बुडबुडे फुंकून, दोघांची तोंडं नेमकी सारख्या व्यासाची करून, गरम असताना एकमेकांना जोडतात. याला इन्काल्मो म्हणतात. दोन नळ्या, दोन कारागीर आणि अगदी एकच क्षण. व्यासात थोडा जरी फरक पडला तरी सांध्याशी घडी दिसते.

काम करताना कारागिराला रंग दिसतो का?

फारसा नाही. गरम काच स्वतःच नारिंगी प्रकाश फेकत असते, त्यामुळे निळा, जांभळा, हिरवा सगळेच अंगारासारखे दिसतात. काही लाल आणि पिवळे रंग तर तापलेले असताना भलतेच दिसतात आणि थंड होताना आपल्या मूळ रंगावर येतात. म्हणून कारागीर डोळ्यांपेक्षा आठवणीवर काम करतो. कोणती कांडी, किती जाडी, कितीदा आच दाखवली, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. शिवाय प्रत्येक रंगाची काच वेगळी वागते. काही रंग लवकर घट्ट होतात, काही बराच वेळ मऊ राहतात. एकाच भांड्यावर घट्ट आणि मऊ रंग शेजारी आले तर फुंकर मऊ भागात जास्त शिरते आणि आकार एका बाजूला फुगतो. ज्या भांड्यावर चार-पाच रंग आहेत आणि तरीही घडण काटेकोर आहे, त्याची किंमत मी मनात वर नेते.

फिरोजी रंगावर लालसर, धातूसारखे डाग का येतात?

आच दाखवताना ज्योतीत हवा कमी आणि गॅस जास्त असेल तर काचेच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन ओढला जातो. तांब्याचा फिरोजी मग विटकरी, यकृतासारखा होतो. चांदी असलेल्या काचेवर मात्र हेच मुद्दाम करतात. वर धातूची लखलख येते.

कोणतेही दोन रंग एकत्र चालतात का?

नाही. तापल्यावर प्रत्येक काच थोडी प्रसरण पावते, थंड होताना आकसते, आणि हे प्रमाण काचेगणिक वेगळं असतं. फुंकण्यासाठीच्या स्टुडिओ काचेचा प्रसरणांक साधारण ९६ असतो. अमेरिकेत पोर्टलँड इथे १९७४ पासून बनणारी बुल्सआय काच ९० समजली जाते, मुरानोच्या एफेत्रेच्या मणी बनवण्याच्या कांड्या १०४, आणि प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट अवघी ३३. हे आकडे दर अंशामागे एक कोटीतले भाग सांगतात. फरक वरकरणी नगण्य, पण ९० आणि १०४ एकत्र आले तर थंड होताना किंवा काही दिवसांनी तडा जातोच. नुसता आकडा जुळणंही पुरेसं नाही, दोन्ही काचा घट्ट होण्याचं तापमानही जवळ असावं लागतं. नवा रंग आधी छोट्या तुकड्यावर तपासून घ्यावा.

जुळणारे रंगही नीट थंड केले नाहीत तर फुटतात. तयार वस्तू सुमारे ४८० ते ५१० अंशांच्या भट्टीत ठेवतात, सगळं अंग सारखं तापलं की सावकाश खाली आणतात. याला ॲनिलिंग म्हणतात. जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट लागतो.

मोरपंखी किंवा सोनेरी चमक कशी आणतात?

गरम काचेवर कथिलाच्या क्लोराइडची वाफ किंवा फवारा सोडतात. त्याचा इतका पातळ थर बसतो की त्याच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून रंग तयार करतात. जमिनीत शतकानुशतकं पडून राहिलेल्या रोमन काचेवर झिजेमुळे अशीच चमक आलेली असते. तिनेच अमेरिकन काचकलाकार लुई कम्फर्ट टिफनी यांना भुरळ घातली, आणि १८९४ मध्ये त्यांनी आपल्या काचेसाठी ‘फाव्रील’ हे नाव नोंदवलं.

डायक्रोइक काच ही वेगळी. तिच्यावर निर्वात कक्षात धातूंच्या ऑक्साइडांचे अनेक थर चढवतात आणि सगळे मिळून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकेही जाड नसतात. समोरून एक रंग, आरपार दुसरा. दागिन्यांत ती छान दिसते, मोठ्या वस्तूत जपून वापरावी असं माझं मत आहे. बाकीचे रंग तिच्यापुढे दबून जातात.

खिडक्यांच्या रंगीत काचेतही हीच तंत्रं असतात का?

काही प्रमाणात. तिथे रंग काचेच्या अंगातच असतो आणि चेहरे, वस्त्रांच्या घड्या वगैरे तपशील लोखंडाची किंवा तांब्याची ऑक्साइडं व काचपूड यांच्या रंगाने काढून भाजतात. मध्ययुगीन लाल काच मात्र पाहण्यासारखी. तांब्याचा लाल इतका गडद की अख्खी काच लाल केली तर ती काळीच दिसली असती. म्हणून स्वच्छ काचेवर लालाचा पातळ पापुद्रा चढवत. १४व्या शतकाच्या सुरुवातीपासून चांदीची संयुगं लावून भाजण्याची रीत आली. चांदी काचेच्या पृष्ठभागात शिरते आणि पिवळा उमटतो. एकाच तुकड्यावर पांढरा चेहरा आणि पिवळे केस, मधे तुकडे जोडणारी शिशाची पट्टी नाही, हे त्यामुळे जमलं.

वरून रंगवलेली काच कमी दर्जाची असते का?

मुळीच नाही, जर ती भाजलेली असेल. काचपूड मिसळलेले मुलाम्याचे रंग ब्रशने लावून साधारण ५५० ते ६०० अंशांवर भाजले की ते पृष्ठभागावर पक्के बसतात, आणि बारीक चित्रकामाला दुसरा मार्गच नाही. माझी हरकत फवाऱ्याने लावलेल्या लॅकरला आहे, जेव्हा तो हाताने फुंकलेली रंगीत काच म्हणून विकला जातो. तो ओरखडतो, काठाशी सुटतो, आणि ज्यांनी खरा रंग काचेत उतरवला त्यांच्या मेहनतीवर अन्याय करतो.

काचेचा रंग कालांतराने उडतो का?

अंगातला रंग उडत नाही. एक अपवाद: जुनी, मँगॅनीज घालून रंगहीन केलेली काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली तर अतिनील किरणांनी जांभळट होते. वर चमक असलेली किंवा मुलाम्याची काच मात्र डिशवॉशरमध्ये घालू नका, आम्लयुक्त द्रावणाने पुसू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड.

अशा भांड्यातून खाणं-पिणं सुरक्षित आहे का?

रंगावर आतून स्वच्छ काचेचा थर असेल तर सहसा काळजी नसते. आतल्या बाजूला किंवा ओठ लागतात त्या काठावर रंगकाम असेल तर बनवणाऱ्याला शिसं आणि कॅडमियमबद्दल स्पष्ट विचारा. उत्तर मिळालं नाही तर ती वस्तू पाहण्यासाठी ठेवा.

विकत घेताना रंग कसा पारखावा?

काठ बघा. थर तिथे उघडे पडतात, रंग अंगात आहे की वर ते कळतं. मग वस्तू पांढऱ्या कागदासमोर धरा आणि नंतर खिडकीच्या उजेडासमोर. पारदर्शक रंगाचा खरा स्वभाव दुसऱ्या वेळी दिसतो. तळाशी नळी तोडल्याची खूण किंवा घासून गुळगुळीत केलेली चकती असू शकते. नखाने हलकेच चाचपा: भाजलेला मुलामा किंचित उंच आणि कडक लागतो, लॅकर प्लॅस्टिकसारखा. आत एखाद-दुसरा हवेचा बुडबुडा असणं काही वाईट नाही. दोन रंगांच्या सांध्यावर केसासारखी चीर दिसली तर मात्र घेऊ नका, ती वाढत जाते.

शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

फुंकायला मोठी भट्टी लागते, म्हणून पुष्कळ जण टॉर्चवर मणी करण्यापासून किंवा छोट्या भट्टीत काचेचे तुकडे जोडण्यापासून सुरू करतात. दोन्हींत रंगाची समज येते. फुंकायची संधी मिळाली तर पहिले काही महिने एकाच कांडीवर काम करा, असं मी सगळ्यांना सांगते. तिचे तीन नमुने काढा: जाड, मध्यम आणि अगदी पातळ. एक तसाच ठेवा, एकाखाली दुधी पांढरा थर घ्या, एकावर स्वच्छ काच चढवा. प्रत्येक तुकड्यावर कांडीचा क्रमांक हिऱ्याच्या टोकाने कोरून ठेवा, चिकटवलेल्या चिठ्ठ्या हरवतात. पुढची कांडी उघडण्याआधी हे नमुने खिडकीत मांडून सकाळी आणि संध्याकाळी पाहा.